मेडिक्लेम पैसे देत नाही, मग पाच-दहा वर्षांसाठी गर्भनिरोधक कोणतं निवडायचं?

पॉलिसीवाचक | सोमवार, सकाळी ९:४०

'तांबीचा खर्च क्लेम होतो का?', 'मिरेना पॉलिसीत बसते का?' हे प्रश्न बाळंतपणाच्या, पाळीच्या, अगदी कर वाचवण्याच्या धाग्यांवरही विचारले जातात आणि उत्तर तिथेच हरवतं. म्हणून हा वेगळा धागा. (तांबी म्हणजे गर्भाशयात बसवायची कॉपर टी, मिरेना म्हणजे तशीच, पण हार्मोनवाली.) विम्याचं मी लिहितो, वैद्यकीय बाजू जाणकारांनी लिहावी.

आयआरडीएआयने (विमा क्षेत्राची नियामक संस्था) २०१९ साली आरोग्य विम्यातून वगळायच्या बाबींची भाषा सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी केली. त्यात 'एक्सक्लूजन १७' नावाचं कलम आहे. कोणत्याही प्रकारचं गर्भनिरोधन आणि नसबंदी, आयव्हीएफसारखे उपचार, सरोगसी आणि नसबंदी उलटवण्याची शस्त्रक्रिया, हे चारही त्यात येतं. 'एक्सक्लूजन १८' बाळंतपणाचं. तुमच्या पॉलिसीच्या पुस्तिकेत हे दोन आकडे शोधा. १८ च्या जागी बरेचदा जादा कव्हर विकत मिळतं, १७ मधल्या गर्भनिरोधनाला मात्र वैयक्तिक पॉलिसीत सहसा पर्याय नसतो. शिवाय तांबी बसवणं ओपीडीत होतं. चोवीस तासांची भरती नाही, डे-केअरच्या यादीत नाव नाही, त्यामुळे कलम नसतं तरी क्लेम अडलाच असता.

तरीही तीन ठिकाणी विचारून बघा. कंपनीची ग्रुप पॉलिसी असेल तर काही मालक ही कलमं वाटाघाटीत काढून घेतात. एचआरकडे माहितीपत्रक न मागता मूळ पॉलिसीची प्रत मागा. ओपीडीचं वेगळं कव्हर किंवा वेलनेसची रक्कम असेल तर निदान तपासणीची फी तिथून वळती होते. आणि पगारातून ईएसआयची (कर्मचारी राज्य विमा) कपात होत असेल तर ईएसआयच्या रुग्णालयात कुटुंब नियोजनाच्या सेवा मिळतात, वर नसबंदीनंतर पुरुषाला ७ आणि स्त्रीला १४ दिवस पूर्ण पगाराइतका आजारपणाचा लाभ मिळतो. ईएसआय नसलेल्या, पण मातृत्व लाभाच्या तरतुदींखाली येणाऱ्या नोकरदार स्त्रीलाही नसबंदीच्या शस्त्रक्रियेनंतर दोन आठवड्यांची पगारी रजा आहे (आधी मातृत्व लाभ कायद्याचं कलम ९अ, नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत). ही रजा फार कमी जणी मागतात.

बिलाबद्दल एक सूचना. सिझेरियनसोबतच नसबंदी करणार असाल किंवा तांबी बसवून घेणार असाल तर तो खर्च बिलात स्वतंत्र ओळीत लिहून घ्या. एकत्र लिहिला की विमा कंपनी वजावट स्वतःच्या अंदाजाने करते आणि ती हमखास जास्त असते.

---

सायली_न | सोमवार, सकाळी ११:०५

वेळेवर धागा आला. बाळ चार महिन्यांचं आहे, फक्त अंगावर पाजते, पाळी अजून आलेली नाही. हिमोग्लोबिन ९.५. पुढची सहा-सात वर्षं दुसरं मूल नको. गोळ्या रोज लक्षात राहणार नाहीत. दवाखान्यात मिरेनाचा खर्च ऐकला, तो आत्ता जमणारा नाही. तांबी घेतली तर रक्त कमी असताना चालेल का?

---

डॉ_रानजाई | सोमवार, दुपारी २:२०

सायली, चालेल. रक्त कमी आहे म्हणून तांबी नाकारली जात नाही, पण त्याचा विचार करूनच ती बसवायला हवी. क्रमाने सांगते.

तांबीने पाळीतला रक्तस्राव पहिले तीन ते सहा महिने वाढतो, कळाही वाढतात. तुमची पाळी स्तनपानामुळे थांबलेली आहे, म्हणजे रक्त भरून काढायला हाच उत्तम काळ आहे. लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून तीन महिने पूर्ण घ्या आणि मग हिमोग्लोबिन पुन्हा तपासा. गोळी चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नका, लोह शोषलं जात नाही. तीन महिन्यांनी ११ च्या आसपास पोहोचलात तर तांबी सहज सोसेल. हिमोग्लोबिन ७ च्या खाली असतं तर मी आधी उपचार आणि मग तांबी असं सांगितलं असतं.

तीन महिने थांबायलाच हवं असं मात्र नाही. बाळ सहा महिन्यांच्या आतलं, फक्त अंगावरचं दूध, पाळी आलेली नाही, या तिन्ही गोष्टी एकत्र असतील तर दिवस राहिलेले नाहीत असं धरता येतं आणि तांबी कोणत्याही दिवशी बसवता येते. पाळीच्या दिवसांतच या, असा आग्रह धरायची गरज नाही.

तुमच्या बाबतीत एका गोष्टीची काळजी घ्यायला हवी. अंगावर पाजत असताना गर्भाशयाची भिंत मऊ असते, त्यामुळे तांबी भिंतीतून आरपार जाण्याचा धोका थोडा जास्त असतो. एरवी तो हजारात एखादीला. त्यासाठी तांबी टाळू नका, पण रोज तांब्या बसवणारा हात शोधा. असे हात सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयांत बरेचदा जास्त सरावाचे असतात.

आता तांबी की हार्मोनवाली, याचा मूळ मुद्दा. दोन्ही गर्भाशयात बसतात, दोन्ही काढल्या की लगेच दिवस राहू शकतात, दोन्हींचं अपयश पहिल्या वर्षात शंभरात एकीपेक्षा कमी. फरक रक्तस्रावात आहे. हार्मोनवालीत लेव्होनॉरजेस्ट्रेल ५२ मिलिग्रॅम असतं, सुरुवातीला रोज साधारण २० मायक्रोग्रॅम सुटतं आणि गर्भाशयाचं अस्तर पातळ होतं. पहिले काही महिने डाग लागत राहतात, मग पाळी हलकी होते. वर्षभरात साधारण पाचांपैकी एकीची पाळी थांबते. ही थांबलेली पाळी म्हणजे आजार नव्हे, रक्त आत साठत नाही. ज्यांना मुळातच अंगावरून फार जातं, ॲडेनोमायोसिस (गर्भाशयाचं अस्तर त्याच्या स्नायूत वाढणं) आहे, रक्त सतत कमी राहतं, त्यांनी शक्य असेल तर पैसे साठवून हीच घ्यावी. बाकीच्यांना साधी तांबी पुरते.

तांबी कुणाला नको: गर्भाशयाच्या आतली पोकळी वाकडी करणाऱ्या गाठी, चालू असलेला ओटीपोटाचा जंतुसंसर्ग, कारण न कळलेला रक्तस्राव, तांब्याची ॲलर्जी, विल्सन्स डिसीज (शरीरात तांबं साठण्याचा आजार). हार्मोनवाली स्तनाचा कर्करोग असताना आणि यकृताच्या काही गाठींत नको, तिथे तांबी चालते. उच्च रक्तदाब, डोळ्यांपुढे चमकून होणारी अर्धशिशी, लठ्ठपणा यांत नेहमीच्या मिश्र (दोन हार्मोनच्या) गोळ्यांना अडचण येते, तांबीला येत नाही.

एक मूल झाल्याशिवाय तांबी बसवत नाहीत, हे अनेक दवाखान्यांत अजून ऐकायला मिळतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत मूल न झालेल्या स्त्रीला ती चालते. बसवताना थोडं जास्त दुखू शकतं आणि बाहेर पडण्याचं प्रमाण किंचित जास्त असतं, एवढंच.

---

औषधी_गल्ली | सोमवार, सायंकाळी ६:१५

किमतीबद्दल. तांब्याची आणि ५२ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेलची, दोन्ही साधनं अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहेत. म्हणजे त्यांची कमाल किंमत एनपीपीए ही सरकारी संस्था ठरवते. 'फार्मा सही दाम' या ॲपवर नाव टाकून बघा आणि पाकिटावरची छापील किंमत स्वतः वाचा. दवाखान्याच्या 'पॅकेज'मध्ये साधनाची किंमत छापीलपेक्षा जास्त लावलेली दिसली तर वेगळं बिल मागा. साधन बाहेरच्या दुकानातून आणू का, हेही विचारता येतं. काही डॉक्टर हो म्हणतात.

हार्मोनवाली म्हणजे फक्त मिरेना नव्हे. एचएलएल कंपनीची एमिली आणि प्रेग्ना कंपनीची एलोइरा यांतही औषध तेवढंच आहे आणि त्या बऱ्याच स्वस्त पडतात. प्रत्येकीची बसवण्याची नळी वेगळी असते. डॉक्टरांना ज्या नळीचा सराव आहे तीच आणा, दोनेक हजार वाचवण्यासाठी त्यांच्या हाती अनोळखी साधन देऊ नका.

पाकिटावर दोन मुदती असतात आणि लोक त्या एकमेकींत मिसळतात. एक तारीख पाकीट निर्जंतुक राहण्याची. त्या तारखेच्या आदल्या दिवशी बसवली तरी तांबी तिची पूर्ण वर्षं चालते. शरीरात किती वर्षं चालेल ते वेगळं लिहिलेलं असतं: कॉपर टी ३८०ए दहा वर्षं, ३७५ पाच वर्षं. पाकिटातली तांबी काळपट दिसली तर घाबरू नका. तांबं काळवंडतं, त्याने परिणाम कमी होत नाही. पाकीट फाटलेलं किंवा ओलसर असेल तर मात्र परत द्या.

---

हिशेबनीस | सोमवार, रात्री ९:३०

खर्च दरवर्षाला वाटून बघितला की चित्र स्पष्ट होतं. खालचे आकडे फक्त रीत दाखवण्यासाठी धरलेले आहेत, तुमच्या शहरातले भाव घालून पुन्हा करा.

पाच खाती लिहा: साधन, बसवण्याची फी, एक फेरतपासणी, काढण्याची फी, आणि आधीच्या चाचण्या. समजा खासगीत तांबी ४००, बसवणं २०००, फेरतपासणी ५००, काढणं १०००. एकूण ३९००, दहा वर्षांत वाटले तर वर्षाला ३९०. हार्मोनवाली ७०००, बसवणं ३०००, बाकी तेवढंच. एकूण ११,५००, पाच वर्षांत वाटले तर वर्षाला २३००. सरकारी रुग्णालयात तांबी, बसवणं आणि काढणं, सगळं मोफत.

पण हा हिशेब साधन पूर्ण मुदत टिकलं तरच खरा. रक्तस्राव सोसवला नाही म्हणून तांबी वर्षात काढली तर त्या एका वर्षाचेच ३९०० झाले. म्हणून स्वस्त-महाग ठरवण्याआधी 'हे मी किती वर्षं ठेवू शकेन' हा प्रश्न सोडवा. अंगावरून फार जाणारीला स्वस्त तांबी महाग पडते.

चाचण्यांचं खातं फुगवलं जातं, तिकडे लक्ष ठेवा. @डॉ_रानजाई, नेमकं काय लागतं ते सांगाल का?

---

डॉ_रानजाई | सोमवार, रात्री १०:१०

माहिती विचारणं, आतून तपासणी, शंका असेल तर लघवीची गर्भचाचणी, रक्त कमी वाटलं तर हिमोग्लोबिन. एवढंच. प्रत्येकीची आधी सोनोग्राफी लागत नाही. गाठीचा संशय, आधीच्या शस्त्रक्रियेमुळे शंका किंवा गर्भाशयाची लांबी मोजताना अडचण आली तर लागते. प्रतिजैविकांचा कोर्सही सरसकट द्यायचा नसतो.

गर्भाशयाची लांबी साउंड नावाच्या बारीक सळईने मोजतात, ती ६ ते ९ सेंटिमीटरच्या दरम्यान हवी. नळीवरची निळी चकती त्या मापावर सरकवतात. तांबीचे हात नळीत दुमडून पाच मिनिटांहून जास्त ठेवले तर आत गेल्यावर नीट उघडत नाहीत, म्हणून आपली सगळी तयारी झाल्यावरच सिस्टर ती भरतात. बसवल्यावर तांबीला बांधलेले दोरे साधारण ३ सेंटिमीटर ठेवून कापतात.

---

सिस्टर_कोकणकडा | मंगळवार, सकाळी ७:५०

सरकारी ठिकाणी जायचं म्हटलं की बायका बिचकतात, म्हणून कसं काय होतं ते लिहिते.

प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालय, शहरात महापालिकेचं प्रसूतिगृह, यांपैकी जवळचं गाठा. आशाताई किंवा एएनएमकडून (उपकेंद्राच्या परिचारिकेकडून) तांबी बसवायचा दिवस आधी विचारून घ्या, काही केंद्रांत प्रशिक्षित सिस्टर रोज नसते. तांबीच्या पाकिटावर 'विक्रीसाठी नाही' असं छापलेलं असतं. त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका. ३८०ए हवी की ३७५, ते आधी सांगा. दोन्ही असतात, पण सात-आठ वर्षांसाठी ३८०ए मागितली नाही तर हाताशी असेल ती बसवली जाते आणि पाचव्या वर्षी पुन्हा यावं लागतं.

येताना पोटाला थोडं खाऊन या. उपाशी असलं की चक्कर येते. लघवी करून टेबलवर जा. दुखण्याची भीती असेल तर चालत असल्यास अर्धा-पाऊण तास आधी आयबुप्रोफेन ४०० घ्या, ॲसिडिटी किंवा दमा असेल तर आधी विचारा. बसवल्यावर पंधरा-वीस मिनिटं पडून राहा.

कार्ड घेतल्याशिवाय उठू नका. त्यावर तांबीचा प्रकार, बसवल्याची तारीख आणि काढायची तारीख हवी. त्याचा फोटो काढून फोनमध्ये ठेवा आणि नवऱ्यालाही पाठवा. दहा वर्षांत घरं बदलतात, फायली हरवतात आणि मग आत कोणती तांबी आहे हे कुणालाच सांगता येत नाही.

पहिली तपासणी पहिल्या पाळीनंतर किंवा चार ते सहा आठवड्यांनी. तांबी बाहेर पडण्याची शक्यता पहिल्या वर्षात शंभरात २ ते १०, त्यातही पहिल्या तीन महिन्यांत जास्त. बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत बसवली तर हे प्रमाण आणखी जास्त असतं. तरीही ती सोय चांगली आहे, कारण नंतर पुन्हा येणं अनेकींना जमत नाही. ४८ तास उलटले तर मग सहा आठवडे थांबतात.

लगेच या, असं ज्यासाठी सांगते त्या गोष्टी: पाळी चुकली, दोरे लागेनासे झाले, तांबीचं टोक हाताला लागलं, पहिल्या तीन आठवड्यांत ताप आणि घाण वासाचं पाणी, पोटात एका बाजूला सतत दुखणं. तांबी असताना दिवस राहिलेच तर गर्भ नळीत असण्याची शक्यता तपासावी लागते, त्यामुळे पाळी चुकल्यावर 'बघू पुढच्या महिन्यात' म्हणू नका.

---

तिसरी_आळी | मंगळवार, सकाळी १०:२५

डॉक्टरांना कागदावर 'अतिरक्तस्राव' लिहायला सांगायचं, एक दिवस ॲडमिट व्हायचं, मिरेना क्लेममध्ये बसते. खूप जण करतात.

---

पॉलिसीवाचक | मंगळवार, सकाळी ११:४०

नसलेला आजार लिहून क्लेम केला तर ती खोटी माहिती ठरते. क्लेम तर जातोच, पॉलिसीही रद्द होऊ शकते, आणि पुढच्या पॉलिसीच्या अर्जात 'आधी नाकारलं गेलं आहे का' या प्रश्नाला 'हो' लिहावं लागतं. वर अतिरक्तस्राव हा तुमचा आधीपासूनचा आजार म्हणून नोंदला जातो. उद्या खरंच गर्भाशयाची शस्त्रक्रिया लागली तर तोच कागद तुमच्या विरोधात वापरला जाईल.

आजार खरा असेल तर गोष्ट वेगळी. ॲडेनोमायोसिस आहे, सोनोग्राफी आहे, आधी गोळ्या देऊन बघितल्या आहेत, हिस्टेरोस्कोपी (दुर्बिणीतून गर्भाशय तपासणं) किंवा क्युरेटिंगसाठी (अस्तर खरवडणं) भरती व्हावं लागलं आणि त्याच वेळी हार्मोनवाली बसवली, तर ती उपचार म्हणून बसवली आहे. डॉक्टरांच्या पत्रात निदान, त्याचा पुरावा, आधीचे उपचार आणि 'रक्तस्रावावरील उपचार म्हणून' हे शब्द हवेत. पूर्वमंजुरी आधी मागा. तरीही १७ वर बोट ठेवून नाकारलं तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा. फी नाही, वकील लागत नाही, आणि लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो.

तांबी पोटात सरकली आणि दुर्बिणीतून काढावी लागली, तर तिथेही भांडायला जागा आहे असं माझं मत. कलम गर्भनिरोधनाचा खर्च वगळतं. पोटात अडकलेली वस्तू काढणं हा गुंतागुंतीवरचा उपचार आहे.

---

तिसरी_आळी | मंगळवार, दुपारी १२:०५

आधीपासूनचा आजार म्हणून नोंद होते हा मुद्दा लक्षात आला नव्हता. धन्यवाद.

---

माळरान | मंगळवार, दुपारी ३:३०

गर्भाशयात काहीही बसवून घ्यायचं नसेल तर? इंजेक्शन आणि दंडातल्या काडीबद्दल कुणी लिहील का? घरात एकीला टीबीचे उपचार चालू आहेत, तिच्यासाठीही विचारायचं आहे.

---

डॉ_रानजाई | मंगळवार, सायंकाळी ५:००

टीबीचं आधी, कारण तिथे चूक महागात पडते. टीबीच्या औषधांतल्या रिफाम्पिसिनमुळे यकृत हार्मोन लवकर निकामी करतं. त्यामुळे रोजच्या गोळ्या आणि दंडातली काडी, दोन्ही भरवशाची राहत नाहीत. फिटसाठीच्या कार्बामॅझेपिन, फेनिटॉइन या गोळ्यांचंही तसंच. तांबी, हार्मोनवाली तांबी आणि अंतरा इंजेक्शन यांना हा अडथळा नाही. फक्त ओटीपोटाचा टीबी असेल तर गर्भाशयात काही बसवायचं नाही, मग अंतरा.

अंतरा म्हणजे मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन १५० मिलिग्रॅम, दर तीन महिन्यांनी स्नायूत. सरकारी केंद्रांत २०१७ पासून मोफत. तारीख चुकली तर चार आठवड्यांपर्यंत उशीर चालतो, दोन आठवडे आधीही घेता येतं. टोचलेली जागा चोळू नका, शेकू नका, औषध लवकर शोषलं जाऊन मुदत कमी होते. पाळी अनियमित होते, मग बहुतेकींची थांबते. ज्यांना दोनेक वर्षांत मूल हवं आहे त्यांनी ध्यानात ठेवावं की शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला सरासरी सात ते दहा महिने लागतात. दहा वर्षांसाठी हिशेब केला तर चाळीस फेऱ्या होतात. लांबच्या गावाहून येणारीला हे जमेल का, ते आधी बोलून घ्यावं.

दंडातली काडी चार सेंटिमीटर लांब, दोन मिलिमीटर जाड, ६८ मिलिग्रॅम इटोनोजेस्ट्रेल, मुदत तीन वर्षं. कमी वापराच्या हाताच्या दंडात आतल्या बाजूला, भूल देऊन, कातडीच्या लगेच खाली बसवतात. बसवल्यावर बोटाला लागली पाहिजे. लागत नसेल तर तिथेच सांगा, खोल गेलेली काडी काढणं फार अवघड असतं. सरकारी कार्यक्रमात ती अजून निवडक जिल्ह्यांतच आहे, जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

छाया गोळी हार्मोनची नाही, लखनौच्या सीडीआरआय या सरकारी औषध संशोधन संस्थेची. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, पुढे एकदा. सरकारी केंद्रांत मोफत. ज्यांना काहीच बसवून किंवा टोचून घ्यायचं नाही त्यांना ठीक, पण वार चुकवून चालत नाही.

---

वरवंटा | मंगळवार, रात्री ८:४५

एवढी चर्चा झाली आणि पुरुषाच्या नसबंदीचं नाव नाही. मुलं पुरे झाली असतील तर सगळ्यात सोपी, सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी धोक्याची तीच आहे. बाईच्या शस्त्रक्रियेत पोट उघडावं लागतं किंवा दुर्बीण घालावी लागते. इथे फक्त जागेवर भूल, एक बारीक छिद्र, दहा-पंधरा मिनिटं, टाका नाही, त्याच दिवशी घरी. दोन दिवस विश्रांती, आठवडाभर जड उचलायचं नाही, सायकल नाही, घट्ट आतला कपडा.

शस्त्रक्रिया झाली म्हणजे काम झालं, असा समज सर्वांत जास्त नडतो. वरच्या नळीत शुक्राणू शिल्लक असतात. तीन महिने निरोध वापरायचा, मग वीर्याची तपासणी, त्यात शुक्राणू शून्य आले तरच प्रमाणपत्र. ही तपासणी न करणाऱ्यांच्या घरी दिवस जातात आणि दोष बायकोवर येतो. हे फार वाईट आहे. तपासणीही सरकारीत मोफत होते.

महाराष्ट्रात पुरुषाला केंद्राचे ११०० आणि राज्याचे ३५१, असे १४५१ रुपये मिळतात. स्त्रीला दारिद्र्यरेषेखालील, अनुसूचित जाती-जमातींत ६००, इतरांत २५०. सरकारी निकष असे: लग्न झालेलं, स्त्री २२ ते ४९, पुरुष ६० च्या आत, निदान एक मूल वर्षापेक्षा मोठं. जोडीदाराची सही नियमाने लागत नाही. मागितली तर हे सांगा. शस्त्रक्रिया अयशस्वी झाली किंवा गुंतागुंत झाली तर नुकसानभरपाईची सरकारी योजना आहे, पण अर्ज कळल्यापासून ९० दिवसांत करावा लागतो. प्रमाणपत्र आणि तपासणीचे कागद त्यासाठी जपून ठेवा.

कायमचं आहे, हे धरूनच करा. नळी पुन्हा जोडता येते, पण मूल होण्याची खात्री नसते आणि तो खर्चही १७ मध्येच अडकतो.

---

न्यूजर्सीकर | बुधवार, सकाळी ६:२०

अमेरिकेतल्या वाचकांसाठी. इथे ऑगस्ट २०१२ पासून एसीए (ओबामाकेअर) कायद्याने बहुतेक प्लॅनना तांबी, हार्मोनवाली, काडी, स्त्रीची नसबंदी हे सगळं बिनखर्चाने द्यावं लागतं, काढणंसुद्धा. तरी बिल येतं ते या कारणांनी: प्लॅन मार्च २०१० च्या आधीचा 'ग्रँडफादर्ड' आहे, मालक धार्मिक सवलत घेणारा आहे, शॉर्ट-टर्म प्लॅन आहे, किंवा तुम्ही फक्त ट्रॅव्हल इन्शुरन्सवर आहात. पुरुषाची नसबंदी या केंद्रीय नियमात नाही.

प्लॅनला फोन करताना नाव सांगून भागत नाही, कोड सांगा. पॅरागार्ड (तांब्याची) जे७३००, मिरेना जे७२९८, लिलेटा (हार्मोनवाली) जे७२९७, काडी जे७३०७. बसवणं ५८३००, काढणं ५८३०१, निदान झेड३०.४३०. 'बिनखर्चाची प्रतिबंधक सेवा म्हणून आहे का, डिडक्टिबल लागतं का' हे विचारा आणि कॉलचा संदर्भ क्रमांक लिहून ठेवा. एकच ब्रँड कव्हर असेल आणि डॉक्टरांच्या मते तुम्हाला दुसरा हवा असेल तर प्लॅनला अपवादाची प्रक्रिया ठेवावी लागते.

कव्हर नसेलच तर टायटल टेन क्लिनिक (केंद्राच्या निधीवरचं कुटुंब नियोजन क्लिनिक) शोधा. उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १०० टक्क्यांपर्यंत असेल तर मोफत, २५० टक्क्यांपर्यंत उतरत्या दराने. जुलै २०२५ पर्यंत व्हिसा कोणता हे तिथे आडवं येत नव्हतं, आता आधी विचारून घ्या.

भारतवारीत तांबी बसवून येणाऱ्यांसाठी: ३८०ए आणि इथली पॅरागार्ड रचनेने एकच, त्यामुळे इथल्या डॉक्टरांना ती काढताना अडचण येत नाही. पण पहिली तपासणी तिथेच उरकून निघा. बसवून चौथ्या दिवशी विमानात बसलात तर बाहेर पडलेली तांबी शोधायला इथे पूर्ण दराने जावं लागेल.

---

सायली_न | बुधवार, सकाळी ९:१५

सगळ्यांचे आभार. लोहाच्या गोळ्या सुरू करते, ३८०ए मागणार. एक शेवटचं: दोरे हाताला लागले नाहीत तर नेमकं काय करायचं? त्याची धास्ती आहे.

---

सिस्टर_कोकणकडा | बुधवार, सकाळी १०:००

आधी निरोध वापरायला लागा आणि तांबी आहे की नाही हे कळेपर्यंत सोडू नका. मग लघवीची गर्भचाचणी. ती निगेटिव्ह आली की डॉक्टर आतून बघतात. बरेचदा दोरे पिशवीच्या तोंडात वर गुंडाळलेले असतात, बारीक ब्रशने खाली येतात. तिथे नसतील तर सोनोग्राफी. तांबी जागेवर दिसली तर दोरे न दिसताही ती काम करते, काढायची वेळ येईपर्यंत तशीच ठेवता येते. सोनोग्राफीत गर्भाशयात दिसली नाही तर 'पडली असेल' म्हणून थांबू नका, पोटाचा एक्स-रे मागा. तांबीच्या प्लॅस्टिकमध्ये बेरियम असतं, ती पोटात कुठेही असली तरी एक्स-रेत उमटते. एक्स-रेतही नसेल तरच ती पडली असं धरायचं, आणि त्याच दिवशी दुसरी बसवता येईल का ते विचारायचं.

ओटीपोटापासून बरगडीच्या खालपर्यंतचं सगळं पोट एक्स-रेत यायला हवं, चिठ्ठीवर तसं लिहून घ्या.